आमच्या घरातली पहिली साठी

आमच्या घराण्याची एक ख्याती होती. आमच्याकडचे पुरुष कोणाला त्रास न देता जातात. अंथरूण धरणं नाही, दवाखाना नाही, नळ्या नाहीत. रात्री जेवून झोपायचं आणि सकाळी उठायचं नाही. आजोबा तसे गेले, बाबाही तसेच गेले. बाबा गेले त्या सकाळी इंदूरच्या छत्रीबागेतली आमची अख्खी गल्ली दारात उभी होती आणि येणारा प्रत्येक जण आईला तेच सांगत होता, "वहिनी, पुण्यवान माणूस हो! असं मरण यायला भाग्य लागतं." समोरचे चाचाजी म्हणाले, "ऐसी मौत तो भगवान सबको दे." आई आपल्या पंचावन्न वर्षांच्या नवऱ्याच्या उशाशी बसून नुसती मान हलवत होती. मी तेव्हा कॉलेजात होते. मलाही ते ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

पुढे पुढे तर आम्ही ते मिरवायलाच लागलो. कोणी लग्नाकार्यात आपल्या सासऱ्यांच्या आजारपणाचं रडगाणं लावलं की दादा पोटावरून हात फिरवत म्हणायचा, "आमच्याकडे तसलं काही नाही बुवा. आमची सिस्टिम एकदम साफ आहे." दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, बिजलीच्या ऑफिसात नोकरीला. झोपेच्या बाबतीत तो घराण्याचा खरा वारस होता. स्वतःच्या लग्नात अंतरपाटाच्या मागे उभ्या उभ्या झोपला होता हा पठ्ठ्या! मामाने मागून चिमटा काढला तेव्हा कुठे वहिनीच्या गळ्यात माळ पडली. सत्यनारायणाला तो यजमान म्हणून बसला की दुसऱ्या अध्यायाला त्याची मान छातीवर यायची आणि गुरुजी घंटा जरा जोरात वाजवायचे. वहिनी तर रात्री उशाशी मुलांची लाकडी फुटपट्टी घेऊन झोपायची. घोरणं फारच चढलं की एक टोचा. आम्ही या सगळ्यावर पोट धरधरून हसायचो. "घराण्याची झोप आहे ती," दादा म्हणायचा, जशी कोणाकडे घराण्याची गायकी असते.

मग एक दिवस वहिनी स्कूटर चालवत माझ्या घरी आली. मी लग्नानंतर स्नेहलतागंजात राहते. छत्रीबागेतून तिथवर यायचं म्हणजे राजवाड्याच्या गर्दीतून गाडी काढायची, आणि ही बाई पन्नाशीत एकटीने ती काढून आली! मी दारातच टाळ्या वाजवल्या. वहिनीने हेल्मेट काढलं, खुर्चीवर बसली आणि रडायला लागली.

"वन्सं, मला नव्हतं हो शिकायचं. हे जबरन शिकवतायत."

"अहो, मग छानच की! रडताय कशाला?"

"का शिकवतायत ते विचारा ना. म्हणे, 'पुढच्या वर्षी मला पंचावन्नावं लागतंय. आपलं तर ठरलेलंच आहे. मग तुला सब्जीला कोण घेऊन जाणार?'" तिने पदराने नाक पुसलं. "आणि हे हसत हसत सांगतात. जसं काही रिझर्वेशनच आलंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मुळात तापट. शाळेत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, आणि माझा आवाज चढला की शेजारच्या वर्गातली पोरंसुद्धा गप्प होतात. मी म्हटलं, रविवारी येते आणि बघते त्याच्याकडे. वहिनी म्हणाली, भांडू नका. मी म्हटलं, बरं. अर्थात भांडायलाच गेले.

पण गेले तेव्हा दादा जेवून दिवाणावर आडवा झालेला. भर दुपार, वहिनी स्वयंपाकघरात ओटा आवरत होती आणि हा उताणा पडून घोरत होता. मी खुर्ची ओढून समोर बसले, उठला की झाडायचा म्हणून. घोरणं चढत गेलं, चढत गेलं, आणि एकदम थांबलं. पोट हलत होतं, छाती हलत होती, पण नाकातोंडातून काहीच नाही. कोणीतरी नळ बंद करावा तसं. चेहरा काळवंडला. मी उठून उभी राहिले. तेवढ्यात त्याने मोठा घुसमटलेला आचका दिला, तोंड वळवलं आणि पुन्हा घोरायला लागला.

मला ते दृश्य ओळखीचं होतं. लहानपणी सुट्टीच्या दुपारी मी आणि दादा बाबांच्या खाटेजवळ बसून एक खेळ खेळायचो. बाबांचं घोरणं थांबलं की आपणही नाक दाबून श्वास धरायचा. बाबांनी पुन्हा घेतला की आपण सोडायचा. जो आधी सोडेल तो हरला. आम्ही दोघंही दर वेळी हरायचो. गाल फुगवून, डोळे वटारून, लालबुंद होऊन आम्ही श्वास सोडून द्यायचो आणि बाबा अजून तसेच पडलेले असायचे. जिंकायचे नेहमी बाबाच. "काय दम आहे बाबांचा!" दादा कौतुकाने म्हणायचा.

त्या रविवारी दिवाणासमोर उभी असताना मला कळलं. तो दम नव्हता हो. बाबांना श्वास मिळत नव्हता, आणि आम्ही दोन पोरं शेजारी बसून टाळ्या पिटत होतो. आणि ज्याला आम्ही पुण्याईचं मरण म्हणत आलो ते बहुतेक असंच, याच वाटेने आलं असणार.

दादा उठला. मी भांडले, पण भलत्याच गोष्टीवर. म्हटलं, "उद्या माझ्याबरोबर झोपेच्या डॉक्टरकडे यायचं."

"झोपेचा डॉक्टर?" तो हसला. "अगं, ज्यांना झोप येत नाही त्यांनी जायचं तिथे. मला कोण घेणार?"

"श्वास बंद पडतो तुझा. मी आत्ता बघितलं."

"बाबांचाही पडायचा."

"म्हणूनच म्हणतेय!"

"अरे यार, फालतू टेन्शन का घेतेस? घराण्याची झोप आहे. कोणाचं काय वाईट झालं तिने? न खाट, न खोकला. आई किती वर्षं अंथरुणाला खिळून होती ते विसरलीस? तसं पाहिजे तुला माझं?"

आईचं ते आजारपण मीच काढलं होतं. त्याला मरायचं नव्हतं, हे मला ठाऊक आहे. त्याला फक्त आईसारखं जायचं नव्हतं, आणि दुसरा रस्ता घराण्याने त्याला आयता दिला होता. स्वतःच्या मरणाची अशी छान सोय लागलेली असताना डॉक्टरकडे कोण जाईल?

मी दोन-तीनदा गेले, समजावलं, रागावले, अबोला धरला. ढिम्म. शेवटी मी एकटीच आमच्या स्नेहलतागंजातल्या डॉक्टरांना जाऊन विचारून आले. ते मूळचे इथलेच, बोलणं सगळं हिंदीत. म्हणाले, पेशंटला आणा, आणि घरातल्या मोठ्यांची माहिती आणा. ते गेले असतील तर निदान ते कसे होते, अंगाने, चेहऱ्याने, ते सांगा.

चेहऱ्याने! मी सरळ माहेरी गेले. समोरच्या खोलीत भिंतीवर आजोबा आणि बाबा चंदनाच्या हारात बसलेले होते. मी स्टूल घेतलं, दोघांना खाली उतरवलं आणि भाजीच्या मोठ्या थैलीत घातलं. मग आतल्या खोलीत गेले. तिथे कपाटाच्या बाजूला आत्याचा एक छोटा फोटो होता. बाबांची धाकटी बहीण. लग्न होऊन दुसऱ्या घरची झाली, म्हणून तिला समोरच्या भिंतीवर जागा नव्हती. तिलाही घेतलं, कशाला घेतलं तेव्हा कळलं नाही.

"वन्सं, हे काय करताय?" वहिनी घाबरली. "श्राद्धाखेरीज फोटो खाली काढत नाहीत!"

"दादाला सांगा, बाबांना दवाखान्यात नेलंय."

मी ऑटोत बसून राजवाडा ओलांडते न ओलांडते तोच दादाचा फोन. "डोकं फिरलंय का तुझं? बाबांना थैलीत घालून कुठे चाललीस?" मी पत्ता सांगितला आणि फोन बंद केला. स्वतःसाठी जो माणूस जिना उतरला नसता तो बापाच्या फोटोसाठी ऑफिस सोडून आला. माझ्या पाठोपाठ, लालबुंद, हेल्मेट तसंच डोक्यावर. "दे इकडे!" म्हणून त्याने थैली हिसकावली, आजोबांच्या हाराचे मणी तुटले नाहीत ना ते बघितलं, आणि हेल्मेट काढून, फोटो मांडीवर घेऊन बाकड्यावर बसला. म्हणाला, आता मी हलणार नाही, हे घरी नेणार.

मी म्हटलं, बस की. आमच्या आधी बरेच पेशंट होते. बाहेर ऊन होतं, आत पंखा होता. मी वाट बघत राहिले, कारण मला माझ्या घराण्यावर पूर्ण भरवसा होता.

थोड्याच वेळात दादाचं कपाळ आजोबांच्या काचेवर टेकलं. घोरणं सुरू झालं. बाकड्यावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, एक जण म्हणाला, "भिया ने तो इंजन चालू कर दिया." डॉक्टर दार उघडून बाहेर आले. मी त्यांना हाताने खूण केली. घोरणं थांबलं. सगळे हसत होते, फक्त डॉक्टर हसत नव्हते. ते घड्याळाकडे बघत होते. दादाने आचका देऊन श्वास घेतला तसे ते म्हणाले, "इनको पहले अंदर लाइए."

असा माझा भाऊ तपासायला गेला, झोपेत पकडून.

टेबलावर तिन्ही फोटो मांडले. डॉक्टरांनी दादाला तोंड उघडायला सांगितलं, टॉर्चने घसा पाहिला, मान बाजूने पाहिली आणि मग फोटोंवर वाकले. आजोबा, बाबा, दादा. तिघांची एकच हनुवटी, म्हणजे हनुवटी नसल्यासारखीच. खालचा जबडा लहान आणि मागे सरकलेला, मान आखूड. आम्ही त्याला घराण्याचं नाक-तोंड म्हणायचो आणि नवं बाळ आलं की कौतुकाने शोधायचो. डॉक्टर म्हणाले, जबडा लहान म्हणजे जिभेला जागा कमी. माणूस जागा असतो तोवर चालतं. झोपेत घशाचे स्नायू ढिले पडले की जीभ मागे पडते आणि श्वासाची वाट बंद होते. मेंदू घाबरून माणसाला अर्धवट उठवतो, तो श्वास घेतो, पुन्हा झोपतो, पुन्हा वाट बंद. रात्रभर हेच. म्हणून दिवसा डुलक्या. आणि प्रत्येक वेळी ताण हृदयावर.

"आणि हे घरातून येतं?" मी विचारलं.

"घरातूनही येतं," ते म्हणाले. एकच एक जनुक नाही, पुष्कळ आहेत, थोडा थोडा हात प्रत्येकाचा. कोणी जबड्याची ठेवण देतं, कोणी चरबी कुठे साठेल ते ठरवतं, कोणी श्वासाच्या लयीत ढवळाढवळ करतं. आजारच वारशाने येतो असं नव्हे, त्याकडे कल येतो. मग वजन आणि वय त्यात भर घालतात. मी मुलांना वर्षानुवर्षं उंच वाटाणा आणि बुटका वाटाणा शिकवत आले होते, आणि इथे माझं अख्खं माहेर टेबलावर मांडलेलं होतं.

दादा बाबांच्या फोटोकडे बघत होता. "म्हणजे साहब, माझे वडील... ते झोपेत गेले. पुण्यवान होते. तुम्ही म्हणता, ते बीमारीने गेले?"

डॉक्टर सावकाश म्हणाले, "जे गेले त्यांच्याबद्दल मी खात्रीने काही सांगू शकत नाही. तुमच्याबद्दल सांगू शकतो. तुमच्यावर इलाज आहे."

दादाचे डोळे भरले. आमच्यात पुरुषमाणसं सहसा रडत नाहीत, पण तो रडला. मला वाटलं भीतीने. बाहेर आल्यावर म्हणाला, "इलाज होता म्हणजे बाबा अजून राहिले असते का गं?" एवढ्या वर्षांत त्याने बाबांच्या जाण्याचं दुःखच केलं नव्हतं. भाग्याचं मरण म्हटल्यावर रडायचं कसं? मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

हो, पण त्याआधी आतच आणखी एक गोष्ट झाली. डॉक्टरांनी आत्याच्या फोटोवर बोट ठेवलं. "ये कौन?" मी सांगितलं. सडपातळ, घोरणं कधी ऐकलं नाही, सतत थकलेली, डोकं दुखतं म्हणायची. तीही झोपेतच गेली, पन्नाशीच्या आत. पण तिला कोणी पुण्यवान म्हटलं नव्हतं. जिवाची हेळसांड केली, असं म्हणाले होते. डॉक्टरांनी फोटो पाहिला आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं. माझ्या हनुवटीकडे.

"और आप, मैडम? सुबह सिर दुखता है?"

"मी तर बारीक आहे," मी म्हटलं.

"ये भी थीं."

डोकं दुखायचं. रोज सकाळी. मी त्याला उत्तरपत्रिका म्हणायचे, चाळिशीचा नंबर म्हणायचे, वय म्हणायचे. दोघांचीही तपासणी झाली, अंगाला वायरी लावून झोपायची. दोघांचाही निकाल तोच आला. दादाचा जास्त, माझाही काही कमी नाही. निकाल ऐकून दादाने आधी तोंड पाडलं, मग माझ्याकडे वळला आणि कितीतरी दिवसांनी मनापासून हसला. "आता बोल! मोठी आली होती मला झाडायला!"

झोपताना नाकावर मुखवटा लावायचा, त्याला नळी, नळीला मशीन. मशीन हवेचा दाब देतं आणि वाट उघडी ठेवतं. दादाने पहिल्या दिवशीच त्याला सोंड नाव दिलं. सुरुवातीला फार वैताग. हा सोंड उपटून फेकायचा, आणि माझ्या नाकावर वळ उठायचे ते बघून वर्गातली पोरं विचारायची, मॅम, पडलात का? मीसुद्धा एक-दोनदा कंटाळून ती बाजूला ठेवली. पण आमचा सौदा ठरला होता. रोज सकाळी फोन. "सोंड?" "होती." "शप्पथ?" "बाबांची." बाबांची शपथ खोटी घ्यायची दोघांचीही छाती नव्हती, म्हणून मुकाट्याने लावत गेलो. मजा म्हणजे वहिनीची झोप उडाली. घरात एवढी शांतता तिला लग्नापासून माहीत नव्हती. ती फुटपट्टी घेऊन उठायची आणि नवरा जिवंत आहे की नाही ते बघायची.

मग हळूहळू चमत्कारच म्हणा. माझं डोकं दुखायचं थांबलं. सकाळी उठून गच्चीवर उभी राहिले की वाटायचं, अरेच्चा, सकाळ अशी असते होय? दादाने वजन उतरवलं, पोहे ठेवले पण जिलेबी सोडली, म्हणजे इंदूरच्या माणसाने काय सोडलं ते समजा! सत्यनारायणाच्या पाचही अध्यायांना ताठ बसला आणि पोथी संपल्यावर म्हणाला, "चांगली गोष्ट आहे की! मी आज पहिल्यांदा पूर्ण ऐकली." पंचावन्नावं आलं आणि गेलं. त्या वर्षी बाबांच्या श्राद्धाला पिंडावर पाणी सोडताना तो मला म्हणाला, "आता मी बाबांपेक्षा मोठा झालो." असं म्हणताना त्याची मान ताठ होती.

आणि आता, याच वर्षी, त्याची साठी आली.

गुरुजी विचारायला आले, साठीशांत तुमच्याकडे कशी करतात? होम मोठा की लहान? तुमची पद्धत काय? वहिनीने माझ्याकडे बघितलं, मी दादाकडे. कोणालाच माहीत नव्हतं. आजोबांची झाली नव्हती, बाबांची झाली नव्हती, त्यांच्याही आधीच्या कोणाची झाल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

"गुरुजी," दादा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जो रुबाब होता तो मी जन्मात विसरणार नाही, "आमच्याकडे पद्धत नाही. इथवर कोणी आलंच नाही. मीच पहिला."

गुरुजी म्हणाले, "मग तुम्ही कराल ती पद्धत."

आम्ही केली की! वहिनीने आणि मी कणकेचे साठ दिवे केले. वहिनी स्कूटरवरून राजवाड्याला जाऊन हार घेऊन आली, आणि आता ती भर बाजारात हॉर्न असा वाजवते की रिक्षावाले वाट देतात. होमाचा धूर सगळ्यांच्या डोळ्यांत गेला, पाहुणे पेंगले, मामा तर चक्क झोपले. दादा नाही. तो सगळा वेळ टक्क जागा, गुरुजी चुकतायत का ते बघत.

समोरच्या भिंतीवर आजोबा आणि बाबा होते, आणि त्यांच्या शेजारी, नव्या चौकटीत, आत्या. खिळा दादाने स्वतः ठोकला होता. मी काहीच बोलले नव्हते.

औक्षणाला मी उभी राहिले. मोठी परात, साठ ज्योती, त्यांची धग चेहऱ्यावर. ओवाळता ओवाळता माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. थांबवणार कसं, दोन्ही हातांत परात. साठ दिव्यांच्या पलीकडे माझा भाऊ बसला होता, हनुवटी नसलेला, जिवंत.

"रडू नको, तूप सांडेल," तो म्हणाला. "हात दुखले?"

"दुखणारच! एवढा जगलास कशाला?"

"दुखू दे. दोन वर्षांनी माझे दुखायचेत."

मला कळेना. मी म्हटलं, बाईमाणसाची साठी कोण करतं? नवऱ्याच्या साठीला त्याच्या शेजारी पाटावर बसायचं, झालं. आणि ओवाळतात बायका, पुरुष नाही.

"आपल्याकडे पद्धत कुठे आहे?" दादा म्हणाला. "आत्याची राहिली. तुझी होणार, आणि परात मी धरणार." मग माझ्या नाकावरच्या वळाकडे बोट दाखवून त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "काल रात्री सोंड होती ना?"

"होती," मी म्हटलं.

"शप्पथ?"

मी भिंतीकडे बघितलं. "आत्याची," मी म्हटलं, आणि उरलेले फेरे पूर्ण केले.